चौथ्या दिवसाची माणसं

शुक्रवार, रात्री

कंदिलात मेणबत्ती, मांडीवर वही. बॅटरीचा दिवा, झिप, प्लॅस्टिकची बाटली, यातलं काही छावणीत दिसता कामा नये असा दंडक आहे. चष्मासुद्धा तारेच्या काड्यांचा मिळवावा लागला.

उद्या आणि परवा गेटिसबर्गच्या लढाईचा प्रयोग. अमेरिकेच्या यादवी युद्धातली, गुलामगिरीवरून उत्तर-दक्षिण राज्यांत जुंपलेली, जुलै १८६३ मधली ती तीन दिवसांची लढाई. इथे त्याला री-एनॅक्टमेंट म्हणतात. खरी रणभूमी नॅशनल पार्कात आहे आणि तिथे लुटुपुटूची लढाई करून मरून पडायला बंदी आहे, त्यामुळे हे सगळं पार्काबाहेरच्या शेतात चालतं. सैनिक मंडळी उत्तरेचे निळे, दक्षिणेचे करडे लोकरी कोट घालून बंदुका पुसत बसली आहेत. आम्ही कुंपणाच्या अलीकडे. आम्ही गावकरी.

आईला फोनवर हे समजावताना पुरेवाट झाली.

"लढत नाहीस, मग तिथे करतेस काय?"

"बटाटे सोलते. लोकांशी बोलते."

"घरी कधी सोलले नाहीस ते!"

आत शेमीज, त्यावर कॉर्सेट, एकावर एक परकर, मग सुती झगा, एप्रन आणि डोक्याला बॉनेट. घेरासाठी घालायचा हूप मी नाकारला. चुलीजवळ वावरणारी बाई तो घालत नसे, हे मला गटातच शिकवलं आहे, आणि ते सोयीचंही आहे. पेनसिल्व्हेनियातला जुलै मुंबईच्या मे महिन्यासारखा घामट असतो.

माझं उद्याचं काम ठरलं: जुबाल अर्लीची यादी वाचून दाखवायची. लढाईच्या आधी, २६ जून १८६३ ला, दक्षिणेच्या या सेनापतीने गावाकडे मागणी केली होती. साठ पिंपं पीठ, सात हजार पौंड डुकराचं मांस, बाराशे पौंड साखर, सहाशे पौंड कॉफी, हजार पौंड मीठ, चाळीस बुशेल कांदे, हजार जोडी बूट, पाचशे टोप्या. नाहीतर रोख दहा हजार डॉलर. गाव चोवीसशे वस्तीचं. दुकानदारांनी माल आधीच रेल्वेने बाहेर काढला होता. नगरपरिषदेच्या अध्यक्षांनी कळवलं की एवढं देणं शक्य नाही, दुकानं उघडी ठेवतो, असेल ते घ्या. मला ही यादी सगळ्या तोफांपेक्षा जास्त घाबरवते. कांदे किती हवेत ते आधी ठरवून आलेलं सैन्य!

शनिवार

पाय गेले. आवाजही बसला.

सगळ्यांना जेनी वेड हवी असते. तीन दिवसांच्या लढाईत थेट गोळी लागून मेलेली गावातली ती एकटीच. वय वीस. बहीण नुकतीच बाळंत झालेली, म्हणून ही तिच्या घरी येऊन राहिलेली. ३ जुलैच्या सकाळी कणीक मळत असताना दोन दारं भेदून गोळी आली. आईने दुसऱ्या दिवशी त्याच कणकेचे पाव भाजले. हे सांगितलं की ऐकणाऱ्या बायका गप्प होतात आणि पुरुष घर किती लांब आहे ते विचारतात. ते बॉल्टिमोर स्ट्रीटवर आहे, म्युझियम आहे, तिकीट आहे.

पानिपतच्या बातमीत दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असं लिहिलं होतं म्हणतात. इथे गावकऱ्यांतूनही एक मोती निवडून काढला आहे. उरलेला खुर्दा तळघरात बसून होता.

मला स्वतःला सॅली ब्रॉडहेडच्या घरची शेंगांची गोष्ट आवडते. ही बाई रेल्वे इंजिनचालकाची बायको, मुलं शिकवणारी. जूनच्या मध्यापासून महिनाभर तिने रोजनिशी लिहिली आणि पुढच्या वर्षी तिच्या दोनशे प्रती छापून मदतनिधीसाठी विकल्या. लढाईच्या दुसऱ्या दिवशी गोळ्या सुटत असताना तिचा नवरा परसात जाऊन घेवड्याच्या शेंगा तोडत राहिला. सगळ्या तोडून झाल्यावरच आत आला, कारण बंडखोरांना, म्हणजे दक्षिणेच्या सैनिकांना, एकही मिळू द्यायची नव्हती. मला हा माणूस लगेच ओळखीचा वाटला. आमच्या आजोळी पेरूच्या झाडाखाली असेच एक मामा बसलेले असत.

दुपारी एका आठ-नऊ वर्षांच्या मुलाने विचारलं, "तू इंडियन आहेस. मग तेव्हा तू कोण असतीस?" त्याची आई ओशाळली. प्रश्न मात्र चोख होता. मी सांगितलं की मी इथे नसतेच. पण माझ्यासारख्या सावळ्या हातांची माणसं गावात होती, दोनशेच्या आसपास. ती आज या छावणीत का दिसत नाहीत, ते विचार. त्याने विचारलं, आणि तेवढ्यात तोफ उडाली. तो धावत सुटला.

रविवार, संध्याकाळ

उत्तर इथे लिहून ठेवते.

गेटिसबर्गपासून मेरिलँडची सीमा जवळ, आणि मी आज जिथे राहते ते मेरिलँड तेव्हा गुलामगिरीचं राज्य. दक्षिणेचं सैन्य पेनसिल्व्हेनियात शिरलं तेव्हा सापडतील ती काळी माणसं धरून दक्षिणेतल्या व्हर्जिनियाकडे हाकत नेली, त्यात जन्मापासून मोकळे असलेलेही होते. म्हणून गावातली बहुतेक काळी कुटुंबं लढाईआधीच उत्तरेकडे पळाली. गोरे शेजारी तळघरात बसले, ही माणसं रस्त्याला लागली. तळघर दाखवायला आमच्याकडे कनातीची भिंत आहे. रिकामं घर कसं दाखवायचं ते अजून कोणाला जमलेलं नाही. आमच्या गटात तर त्याचा विचारही उशिराच सुरू झाला, हे मला खटकतं आणि मी ते बोलूनही दाखवलं आहे.

आज पिकेटचा हल्ला झाला, म्हणजे तिसऱ्या दिवशीची दक्षिणेची शेवटची मोठी चढाई. धूर, ढोल, ओळीने पडणारी माणसं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, मेलेले उठले, कपडे झाडले. चारच्या सुमाराला पार्किंगमधून मोटारींची रांग लागली.

आमचं काम खरं तर तिथून सुरू व्हायला हवं. चौथ्या दिवशी, ४ जुलैला, धो धो पाऊस पडला आणि मग सैन्यं निघून गेली. चोवीसशे माणसांच्या गावात मागे राहिले वीस हजारांहून जास्त जखमी, हजारो प्रेतं आणि तीन हजारांहून जास्त मेलेले घोडे. जुलैच्या उन्हात. चर्च, शाळा, कोठारं, दिवाणखाने, सगळ्यांची इस्पितळं झाली. बायका लिननचं जुनं कापड खरवडून जखमांत भरायला कापूस करत. वासामुळे खिडक्या बंद, नाकाशी पेपरमिंटच्या तेलाची बाटली. तंबूंचं मोठं इस्पितळ उभं राहिलं ते जुलैच्या उत्तरार्धात, आणि ते नोव्हेंबरपर्यंत चाललं. म्हणजे लढाई तीन दिवस आणि नुसत्या जखमींची निस्तरानिस्तर जवळजवळ पाच महिने.

एव्हरग्रीन दफनभूमीची राखणदारीण एलिझाबेथ थॉर्न, नवरा सैन्यात गेलेला, स्वतः सहा महिन्यांची गरोदर. म्हाताऱ्या वडिलांना घेऊन तिने शंभरएक सैनिक पुरले. तिथे आता तिचा पुतळा आहे: एक हात पोटावर, दुसरा कपाळावर, फावड्याला टेकून उभी. कालपासून तिच्याबद्दल मला कोणीही विचारलं नाही.

आणि बेसिल बिग्ज. हा मेरिलँडचा मोकळा काळा शेतकरी, मुलांना शिकता यावं म्हणून १८५८ मध्ये गेटिसबर्गला आला. लढाईआधी पळाला, परतला तेव्हा त्याने कसायला घेतलेल्या शेताचं दक्षिणेच्या सैनिकांसाठी इस्पितळ झालं होतं आणि आवारात त्यांच्या कबरी होत्या. गुरं, पीक, घरातलं सामान, सगळं गेलेलं. ऑक्टोबरच्या अखेरीला शेताशेतांत घाईने पुरलेले उत्तरेचे सैनिक उकरून नव्या राष्ट्रीय दफनभूमीत नेण्याचं काम निघालं. कंत्राट दर देहामागे १ डॉलर ५९ सेंटला एका गोऱ्या माणसाने घेतलं. प्रत्यक्ष उकरणं, उचलणं, पेटीत ठेवणं बिग्ज आणि त्याच्या काळ्या साथीदारांच्या हातून झालं. ३,३५४ देह. १९ नोव्हेंबरला लिंकन भाषण करून गेला तेव्हा हे काम चालूच होतं. संपलं १८६४ च्या मार्चमध्ये. बिग्जला मात्र पुढे मूठमाती मिळाली ती गावातल्या काळ्या लोकांच्या वेगळ्या दफनभूमीत.

ज्यांना सैन्य पकडून नेत होतं, त्यांनीच त्या सैन्याशी लढून मेलेल्यांना उचललं. हे मी आज माइकवर सांगायला हवं होतं, पण माइक घोडदळवाल्यांकडे होता.

मंगळवार

झगे धुतले. बारूदीचा वास दोन पाण्यांतही गेला नाही.

आमच्या गटाच्या प्रमुख बाईंना मेल केला. निवृत्त शिक्षिका आहेत, शिवणातला टाका चुकलेला वीस फुटांवरून दिसतो त्यांना. मागणी एवढीच: पुढच्या वर्षी रविवारी लढाई संपल्यावर तासभर गावकऱ्यांचा चौथा दिवस करू. कोठारात जखमी, दारात वासावर टाकायची चुन्याची भुकटी, एका दाराला कुलूप आणि त्याच्याजवळ बिग्जची गोष्ट सांगणारं कोणीतरी. ते मी नाही. ते सांगायला इथल्या काळ्या री-एनॅक्टर मंडळींना सन्मानाने बोलवावं, त्यांचे स्वतःचे गट आहेत. मी चुन्याची बादली धरीन.

उत्तर तासाभरात आलं. प्रेक्षक थांबत नाहीत, शेतमालकाला सहापर्यंत जागा मोकळी हवी असते, विम्याचा प्रश्न आहे. आणि खाली: लढाई दोन वाजता संपवता येते का ते सैनिकांच्या कमिटीला विचारते, तू बिग्जवर एक पान लिहून पाठव, एकाच बाजूला बसव.

एका बाजूला बसत नाही. अक्षर बारीक करून बघतेय.