कोकमतेलाचा दाढीचा साबण: तुम्ही विचारलंत म्हणून

मी दाढीचा साबण घरी करतो हे कळलं की सिंधुदुर्ग-गोव्याकडची माणसं हमखास विचारतात, "त्यात कोकमतेल चालेल का हो?" टाचांच्या भेगांसाठी भिरंडेलाचा, म्हणजे थिजलेल्या कोकमतेलाचा, गोळा त्यांच्या घरी असतोच. माझं उत्तर असं, की आपल्याकडच्या तेलांत या कामाला त्याच्याइतकं योग्य तेल मला दुसरं सापडलेलं नाही.

अंघोळीच्या साबणाचा फेस भरभर येतो आणि तितक्याच भरभर बसतो. दाढीला हवा बारीक बुडबुड्यांचा, दाट, पाणी धरून ठेवणारा फेस. ही करामत तेला-चरबीत असणाऱ्या स्टिअरिक आम्लाची. खोबरेल तेलात ते जेमतेम तीन टक्के असतं, कोकमतेलात निम्म्याहून जास्त. परदेशी साबणांत हे काम पिढ्यान् पिढ्या जनावरांच्या चरबीनं केलं, पण तिच्यातही स्टिअरिक साधारण वीसच टक्के. आणि आपल्याकडे कोकमतेल मिळतं कशातून, तर आमसुलं-आगळ करून उरलेल्या बियांतून! बिया वाळवायच्या, फोडायच्या, आतला गर वाटून पाण्यात उकळायचा आणि वर तरंगलेलं तेल काढून थिजलं की हातानं वळायचं. या तेलाचं मला फार अप्रूप आहे.

मात्र एकट्या कोकमतेलावर भागत नाही. माझं आत्ताचं प्रमाण असं: स्टिअरिक आम्ल ४० टक्के, कोकमतेल ३५, खोबरेल १५, एरंडेल १०. खोबरेल फेस लवकर उठवतं, पण वाढवलं तर कातडी कोरडी पडते, म्हणून त्याला तिथंच थांबवतो. बाजारातलं स्टिअरिक बहुतेक पामतेलातून येतं. ते कमी करत कोकम वाढवायचं, हा सध्याचा खटाटोप.

खरी मेख कॉस्टिकमध्ये, म्हणजे तेलाचा साबण करणाऱ्या दाहक क्षारात, आहे. नुसता कॉस्टिक सोडा घातला तर वडी इतकी कडक होते की ब्रशला काही लागतच नाही. म्हणून साबण मऊ ठेवणारं कॉस्टिक पोटॅशही हवं. मी तीन भाग पोटॅशला दोन भाग सोडा धरतो. कॉस्टिकचं वजन मात्र प्रत्येक तेलासाठी वेगळं काढावं लागतं. १०० ग्रॅम खोबरेलाला सुमारे १८ ग्रॅम सोडा लागतो, तेवढ्याच कोकमतेलाला साडेतेराच्या आसपास. पोटॅशच्या पापडीत ओलावा असतो, तेव्हा पाकिटावरची शुद्धता बघूनच हिशेब करा आणि पाचेक टक्के तेल साबण न होता मोकळं राहील इतकं कॉस्टिक कमी घ्या. अंदाजपंचे इथं अजिबात नको. हातमोजे, चष्मा, स्टीलचं भांडं. ॲल्युमिनियमचं भांडं कॉस्टिक खाऊन टाकतं. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचं नाही. मुलं घरात असतील तर ती झोपल्यावर किंवा बाहेर गेल्यावरच हे काम काढा.

स्टिअरिक साधारण ७० अंशांला वितळतं आणि कॉस्टिक लागताच क्षणात घट्ट होतं. म्हणून आधी तीन तेलांचा साबण मंद आचेवर शिजवून घेतो, मग वितळलेलं स्टिअरिक घालतो. कढईची कड सोडणाऱ्या शिऱ्यासारखा गोळा झाला की थोडं ग्लिसरीन घालून डब्यात दाबून भरायचा. वास हवाच असेल तर वाळ्याचा. दालचिनी-लवंगेचं तेल ताज्या दाढीवर झोंबतं, ते टाळाच. काही आठवडे मुरू दिला तर साबण आणखी सुधारतो.

"फेसच येत नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी पाणी कुठलं ते विचारतो. बोअरवेलच्या जड पाण्यातलं कॅल्शियम स्टिअरिकला धरतं आणि फेसाऐवजी नुसता साका उरतो. अशा ठिकाणी फेसापुरतं वाटीभर आरओचं पाणी घ्या, पावसाळ्यात पागोळीचं. ब्रश नीट भिजवा, साबणावर अर्धा मिनिट फिरवा आणि पाणी थेंबाथेंबानं वाढवत जा. या साबणाला पाणी भरपूर लागतं, बाजारच्या क्रीमपेक्षा कितीतरी जास्त.