आधी सांग, मग सोड

३ ते ६ वर्षांच्या मुलांसमोर पाण्याचा टब ठेवला की मोठ्यांनाच बोलायची घाई होते. बटाटा हातातून सुटायच्या आत ‘बघ हं, आता बुडणार’ निघून जातं आणि खेळ तिथेच संपतो. मुलाने आधी अंदाज करायचा आणि मग वस्तू सोडायची, एवढा क्रम सांभाळा. बाकी थोडं इकडचं तिकडे झालं तरी चालतं.

अंदाज तोंडी मात्र घेऊ नका. बटाटा बुडाल्यावर चार वर्षांचं मूल ‘मी हेच म्हणत होतो’ असं बिनदिक्कत सांगतं, आणि ते खोटं बोलत नसतं, त्याला खरंच तसं वाटतं. टबाशेजारी दोन ताटल्या ठेवा, एकीत होडीचं चित्र, दुसरीत दगडाचं. भाजी आधी ताटलीत ठेवायची, मग पाण्यात सोडायची. अंदाज चुकला तर ती मुलानेच उचलून दुसऱ्या ताटलीत टाकायची. ‘चूक’ हा शब्द काढायची गरज पडत नाही.

परात घेऊ नका, उथळ पडते. वांग्याचं बूड तळाला टेकतं आणि ते तरंगतंय की बुडालंय हे मोठ्यांनाही सांगता येत नाही. धुण्याच्या टबात १५ सेंमी पाणी पुरतं. एका टबाभोवती चारच मुलं, नाहीतर ढकलाढकली. मोठं माणूस टबापाशीच हवं, फोन आला म्हणून उठायचं नाही, आणि खेळ झाल्याबरोबर पाणी झाडांना.

भाज्यांत वांगं, बटाटा, सफरचंद, गाजर ठेवाच. थोड्या वेळाने मुलं ‘जड ते बुडतं’ असा नियम काढतात. तो खोडून काढत बसू नका. अख्खा दुधी आणि मुठीएवढा दगड समोर ठेवा. दुधी तरंगला की नियम आपोआप डळमळतो. टोमॅटो शेवटी काढा, कारण एक तरंगतो आणि दुसरा बुडतो असं सर्रास होतं. ‘घनता’ या शब्दाला अजून बरीच वर्षं आहेत.

पुढची पायरी होडीची. प्लॅस्टिसिनचा, म्हणजे मुलांच्या खेळण्याच्या रंगीत तेलकट मातीचा, ५० ग्रॅमचा गोळा बुडतो, त्याचीच वाटी केली की तरंगते. शाडू नको, पाण्यात विरघळून टब गढूळ होतो. वाटीच्या कडा चार-पाच मिलिमीटर जाड ठेवा. पातळ केल्या की घडीपाशी चीर पडते आणि पाणी आत येतं. ओलं प्लॅस्टिसिन पुन्हा चिकटत नाही, म्हणून चीर बुजवायच्या आधी फडक्याने कोरडं करावं लागतं. होडीत माल म्हणून कपड्यांचे चिमटे भरा. चिंचोके, मणी, नाणी नकोत, ती नाकात आणि तोंडात जातात. बटण सेलवाली खेळणी तर या वयात घरातच नकोत. तो सेल गिळला तर अन्ननलिका भाजायला दोन तासही पुरतात.

उतारावरून खेळण्यातली गाडी सोडायच्या खेळाला पुठ्ठा लागतो. फ्रिजच्या खोक्याचा असेल तर उत्तम, रद्दीवाल्याकडे मिळतो. ९० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद पट्टी कापा आणि दोन्ही कडा चार-चार सेंमी उभ्या दुमडा, कारण स्वस्तातल्या गाड्यांची चाकं तिरकी असतात आणि त्या बाजूने पळतात. खालची कड फरशीला चिकटपट्टीने चिकटवा. पावसाळ्यात पुठ्ठा मऊ पडून मध्ये झोल येतो, खाली एक फळी सरकवा.

वरच्या टोकाखाली आधी एक पुस्तक, मग तीन, मग पाच. दर वेळी गाडी कुठे थांबते तिथपर्यंत फीत कापायची आणि फिती भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवायच्या. आकडे न येणाऱ्या मुलालाही कुठली फीत लांब ते दिसतं. गाडी सोडायची, ढकलायची नाही. हे मुलं हमखास विसरतात, म्हणून सुरुवातीला आडवी पट्टी धरा आणि ती उचला. मग मुलं पुस्तकांचा डोंगरच रचतात, आणि उतार फार उभा झाला की गाडीचं नाक फरशीवर आपटून ती जागीच थांबते. फीत एकदम आखूड! या क्षणी गप्प बसणं सगळ्यात अवघड असतं, पण बसा. एकदा एकच गोष्ट बदलायची. पुस्तकं बदलली तर गाडी तीच, आणि उतारावर टॉवेल अंथरला तर पुस्तकं तेवढीच.

तंत्रज्ञान म्हटलं की पालक कोडिंगचं किट शोधायला लागतात. पुण्यात असाल तर मंडईत किंवा तुळशीबागेच्या बाजारात जा, चाळणी, नरसाळं आणि चिमटा घेऊन या. पोहे आणि रवा एकत्र करून वेगळे करायला द्या, अवजार कशासाठी असतं ते हातालाच कळतं. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी असलेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी कचऱ्यातून केलेली खेळणी जरूर पाहा, मात्र त्यातली बरीचशी थोड्या मोठ्या मुलांच्या हाताची आहेत. चार वर्षांच्या मुलासाठी कापाकापी तुम्हालाच करावी लागेल.

सावलीला काहीच खर्च नाही. गच्चीवर स्टीलचा पेला पालथा ठेवा, सकाळी ९, ११ आणि दुपारी ४ वाजता सावली खडूने आखा. पेला हलला की सगळं फुकट, म्हणून त्याभोवतीही खडूने गोल काढून ठेवा. पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यातला एक दिवस १३-१४ मेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमाराला. पेल्याची सावली गायब! त्याआधी ‘आता सावली कुठे असेल, खडूने काढ’ असं सांगून ठेवा. गच्ची तापलेली असते, चपला घालूनच जा. दुसरा दिवस जुलैअखेरीस येतो, पण तेव्हा पुण्यात बहुधा ढगच असतात.