जात्याची घरघर आणि रात्री अडीचची लाईट

अमळनेरजवळ माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीतली सबमर्सिबल जळाली, गिरणीची मोटर तापायला लागली, की लोक माझ्याकडे येतात. मोटर खोलायच्या आधी मी तिला कान लावतो. बेअरिंग गेलेलं असेल तर खरखर वेगळी असते. एक फेज गेला असेल तर मोटर नुसती हुंकारते, फिरत नाही, आणि वेळेत बंद केली नाही तर जळते. बावीस वर्षं हेच करतोय, तरी माझंच काहीतरी बिघडलंय हे मला कळलं नाही.

तीन वर्षांपूर्वीचा रब्बी हंगाम. शेतीची लाईट रात्रपाळीला होती. अशा दिवसांत गव्हाला पाणी देणाऱ्याची मोटर रात्री अडीचला जळते आणि फोन मला येतो. पुढेपुढे फोन नसला तरी अडीचला डोळे उघडायला लागले. एका रात्री उठलो तो छाती धडधडत होती, हाताला मुंग्या, घसा आवळलेला. वाटलं, आटोपलं सगळं. भाच्याने गाडीत घालून धुळ्याला नेलं. ईसीजी साफ, रक्त साफ. तिथले डॉक्टर म्हणाले, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." टेन्शन कोण हौसेने घेतं?

पुढे मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा मुंग्यांचं गणित समजलं. भीतीने श्वास भरभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने मुंग्या येतात, गरगरतं. मग माणूस त्या मुंग्यांनाच घाबरतो आणि श्वास आणखी वाढतो. गोळी सुरू झाली, समुपदेशन सुरू झालं. समुपदेशन करणाऱ्या बाईंनी विचारलं, "कोणता आवाज ऐकला की बरं वाटतं?" मी म्हणालो, "दुरुस्त केलेली मोटर सुरू झाल्याचा." त्या हसल्या, पण वहीत लिहूनही घेतलं.

मोबाईलवर मन शांत करणारं संगीत शोधलं तर पाऊस आणि बासरी, तीन-तीन तास. आमच्याकडे अवकाळी पावसाचा आवाज ऐकून कोणाचं मन शांत होतं? कापूस वेचायचा राहिला असेल तर अजिबात नाही. हरिपाठ लावून पाहिला. गावच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवलेली आहे, त्यामुळे हा हमखास लागू पडेल असं वाटलं. पण आबांच्या दहाव्याला आम्ही तोच म्हटला होता. दुसऱ्या अभंगालाच डोळ्यांत पाणी, झोप लांबच. कोणाला कोणतं गाणं निववेल हे दुसऱ्याने सांगून उपयोग नाही, एवढं तेव्हा कळलं. दिवसा दुकानात मला लग्नातली दणदणीत अहिराणी गाणी लागतात. कॉइल भरताना हात चालतात आणि डोक्यात चिंतेला जागा उरत नाही. रात्री तीच गाणी लावली तर उठून नाचायचंच बाकी राहील.

मग श्रावण आला. आमच्याकडे खानदेशात कानबाई या देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात. आता सगळे गिरणीतून दळून आणतात, पण माय हट्टाने थोडे तरी जात्यावर दळते. मी मोबाईल गव्हाच्या गोणीवर ठेवला आणि तिचं गाणं भरून घेतलं. सात मिनिटं. त्यात जात्याची घरघर आहे, बांगड्या आहेत, मागे कुणाची तरी मोटारसायकल आहे. माय एक ओळ म्हणते, ओळ संपली की श्वास घेते. तेवढ्यात जातं अर्धा फेरा मुकं फिरतं. मग पुढची ओळ.

त्या रात्री अडीचला हे कानाला लावलं. पहिल्या चार-पाच ओळींत काही फरक नाही. मग लक्षात आलं, मी तिच्या ओळीबरोबर श्वास सोडतोय आणि त्या अर्ध्या फेऱ्यात घेतोय. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला सात ओळी. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. इटलीतल्या डॉक्टर बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक प्रयोग छापला होता. ख्रिस्ती लोकांची लॅटिनमधली जपमाळ किंवा 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणताना लोकांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो, असं त्यांना दिसलं. आमच्या मायला कोणी हे शिकवलं नव्हतं. दळताना दम पुरला पाहिजे, एवढाच तिचा हिशेब.

मायच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला डॉक्टरांनी हळू आवाजात भजन लावलं होतं. मला ते शोभेचं वाटलं होतं. नंतर वाचलं की वैद्यकीय संशोधन पडताळून पाहणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात ऑपरेशनआधी संगीत ऐकवलेल्या रुग्णांच्या २६ चाचण्या तपासल्या होत्या, २,०५१ रुग्ण. भीती काही प्रमाणात कमी होते असाच कौल निघाला. काही प्रमाणात, हेही लक्षात ठेवावं. माझी गोळी मी डॉक्टरांना विचारूनच कमी केली, गाण्याच्या भरवशावर नाही.

एक गंमत सांगतो. घरामागे डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर आहे. वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, डीपीच्या आतला गाभा त्यामुळे शंभर वेळा थरथरतो, तोच तिचा हुंकार. पेटीवर लावून पाहिला, खर्जातल्या पांढरी पाचच्या, म्हणजे पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या, जरासा वर बसतो. हा आवाज आला म्हणजे लाईट आली, लाईट आली म्हणजे फोन येणार, असं माझ्या अंगात भिनलं होतं. हल्ली मी त्याच सुरात तोंड मिटून हूं धरतो. भीती गेली असं नाही, पण त्या आवाजाशी ओळख वाढली.

मायला हे सांगितलं तर म्हणाली, "मना आवाज काय ऐकस? रेडिओ लाव." रेकॉर्डिंगमध्ये चौथ्या मिनिटाला ती मध्येच माझ्यावर खेकसते, "उभा काय ऱ्हायना, गहू टाक ना!" बहुतेक रात्री तिथवर पोचायच्या आत मला झोप लागते. ते वाक्य ऐकू आलं की समजायचं, आजची रात्र जड आहे. आता सकाळी चहा देताना बायको झोप लागली का असं विचारत नाही. "काल गहू टाकले का?" एवढंच विचारते. मागच्या आठवड्यात दोनदा टाकले.