तुम्ही विचारलंत म्हणून: कुंपणाला करवंदच का?

गेटमधून आत आलं की प्रत्येकाचा हाच प्रश्न, एवढी जागा आहे तर ब्लूबेरी लावा, ड्रॅगनफ्रूट लावा, ही काटेरी करवंदं कशाला? तर सांगते.

आमचा प्लॉट भोरजवळ, उताराचा, वीतभर माती की खाली मुरूम. पहिल्याच उन्हाळ्यात बोअर आटली आणि नर्सरीतून आणलेली शोभेची झाडं डोळ्यांदेखत वाळली, आणि समोरच्या डोंगरावर कुणी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं तरी करवंदीच्या जाळ्या फळांनी काळ्या झालेल्या, तेव्हाच ठरवलं.

रोपं घरीच केली. पिकलेली करवंदं खायची, बिया धुवून सावलीत सुकवायच्या आणि लगेच पिशव्यांत लावायच्या, कारण हे बी ठेवून चालत नाही, उगवण फार पटकन कमी होते. पुढच्या पावसाळ्यात 3-3 फुटांवर लावली, दोन उन्हाळे आठवड्याला एकदा पाणी दिलं, आता अजिबात देत नाही. तिसऱ्या वर्षी फळ धरलं. खालच्या कोपऱ्यात पावसाचं पाणी साचतं तिथली 4 रोपं मात्र कुजून गेली, ऊन कितीही सोसेल पण मुळाशी पाणी तुंबलेलं याला चालत नाही.

बियांच्या प्रत्येक झाडाची चव वेगळी निघते हेही सांगून ठेवते. कुंपणाला मात्र बियांचीच झाडं बरी. मोठं फळच हवं असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ जात आहे, तिची एकदोन कलमं लावा.

छाटणीत मी चुकले. फुलं फांद्यांच्या टोकांना येतात आणि मी डिसेंबरात सगळी टोकं कापून कुंपण छान सरळ केलं, त्या मे महिन्यात वाटीभर करवंदं मिळाली. छाटायचं ते फळं संपल्यावर लगेच. शेजारी फालसा आहे त्याचं बरोबर उलटं, तो हिवाळ्यात खोलवर छाटावा लागतो, नव्या फुटीवरच फळ धरतो.

आणि मिळतं काय? फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढऱ्या फुलांचा वास पार ओट्यापर्यंत येतो, मग हिरव्या करवंदांचं सासूबाईंचं लोणचं, चिरताना हाताला तेल लावायचं नाहीतर चीक निघता निघत नाही, मग लालसर झाली की जेली, त्यात जेली घट्ट करणारं पेक्टिन भरपूर असल्यामुळे वेगळं काही घालावं लागत नाही. काळी झाली की मुलांची. माझा भाचा पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेला, त्याला ‘कोंबडा की कोंबडी’ माहीतच नव्हतं, आता फोडून आत लाल दिसलं की कोंबडा म्हणून ओरडतो, पांढुरकं निघालं की कोंबडी. काट्यांमुळे गुरं आत शिरत नाहीत आणि बुलबुल निवांत घरटी करतात, मला तर काट्यांची कधी तक्रार करावीशी वाटली नाही.

तुम्हाला लावायची असतील तर मेअखेर या. पोटभर खा, फक्त बिया टाकून देऊ नका, धुवून बरोबर न्या आणि आठवड्याच्या आत मातीत घाला.