पाच मजले आणि एक गच्ची : स्वयंपूर्ण कार्यालय आखताना आलेला अनुभव

पुण्यातील एका लघुउद्योजकाने स्वतःच्या कंपनीसाठी कार्यालयाची इमारत आखण्याचे काम माझ्याकडे दिले, तेव्हा त्यांची अट एकाच वाक्याची होती : “मॅडम, विजेचे बिल शून्य आले पाहिजे आणि टँकर फाटकातून आत येता कामा नये.” खाली वाहनतळ, वर कार्यालयाचे पाच मजले आणि प्रत्येक मजला साधारण 300 चौरस मीटरचा, असा आराखडा त्यांच्या मनात पक्का होता. मीही उत्साहात होकार दिला. आधी हिशेब मांडून मग होकार द्यायला हवा होता, हे मला पुढच्याच आठवड्यात कळले.

त्यांच्या जुन्या कार्यालयाची वर्षभराची बिले मागवून एकूण युनिटना क्षेत्रफळाने भागले, तेव्हा दर चौरस मीटरमागे वर्षाला सुमारे 100 युनिट असा आकडा आला. नव्या 1,500 चौरस मीटरना याच सवयीने दीड लाख युनिट लागली असती. गच्चीची बाजू मात्र फार तोकडी होती. एक किलोवॉट सौर पॅनेलला साधारण 10 चौरस मीटर जागा लागते आणि आपल्याकडे त्यातून वर्षाला सुमारे 1,400 युनिट मिळतात. पाण्याची टाकी वगळून उरलेल्या गच्चीवर उंच सांगाडा उभारून पॅनेलचा मांडव घातला, तरी 25 किलोवॉट, म्हणजे 35,000 युनिटच मिळणार होती. मजले वाढत जातात, पण गच्ची एकच राहते, या साध्या गोष्टीत सगळे अडते. सिअ‍ॅटलच्या सहा मजली बुलिट सेंटरने 2013 साली पॅनेलचे छत इमारतीबाहेर, थेट पदपथावर काढून ही अडचण सोडवली. आपल्याकडे सामासिक अंतरे, म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागा, आकाशाकडे खुलीच ठेवावी लागत असल्याने तो मार्ग मला बंद होता.

उरला उपाय एकच, गरज कमी करण्याचा, आणि माझे खरे काम तिथे सुरू झाले. मालकांना रस्त्याकडची पश्चिमेची बाजू पूर्ण काचेची हवी होती. एप्रिलमधल्या एका दुपारी मी त्यांना त्यांच्याच जुन्या कार्यालयात पश्चिमेच्या काचेला हात लावायला सांगितले. त्यांनी तो लगेच मागे घेतला आणि काचेचा विषय तिथेच संपला. पश्चिमेला जिना, लिफ्ट आणि स्वच्छतागृहे ठेवली, म्हणजे उन्हाचा मारा माणसांऐवजी भिंतींनी सोसावा. दक्षिणेला आडवे छज्जे दिले. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य माध्यान्हीला किंचित उत्तरेकडे सरकतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडक्यांनाही लहान छज्जे द्यावे लागले. उत्तरेला ऊन येत नाही हे आपल्या अक्षांशावर अर्धेच खरे आहे. एप्रिलमध्येही इथल्या रात्री बऱ्यापैकी निवतात, म्हणून रात्री उघड्या राहू शकतील अशा जाळीच्या झडपा बसवल्या. वातानुकूलन 24 अंशांऐवजी 27 वर ठेवून जोडीला छताचे पंखे दिले, कारण तापमान एक अंशाने वाढवले की त्या यंत्रणेची सुमारे सहा टक्के वीज वाचते. या सगळ्यातून दर चौरस मीटरमागचा 100 युनिटांचा आकडा कागदावर तरी 40 पर्यंत उतरला. गरज 60,000 युनिट आणि निर्मिती 35,000. तीनच मजले बांधले असते तर मेळ जवळजवळ बसला असता, पण पुण्यातल्या जमिनीच्या भावात दोन मजले सोडा असे कोणाला सांगणार?

पाण्याचा हिशेब याहून निराशाजनक निघाला. पुण्याचा पाऊस वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर. गच्चीवरून फार तर पावणेदोन लाख ते एक लाख ऐंशी हजार लिटर हाती येतात. दीडशे माणसांना रोज प्रत्येकी 45 लिटरप्रमाणे वर्षाच्या सुमारे तीनशे कामाच्या दिवसांत वीस लाख लिटर लागतात. सांडपाणी शुद्ध करून फ्लशला वळवले आणि नळ कमी धारेचे घेतले, तेव्हा पाऊस उरलेल्या गरजेच्या जेमतेम एक पंचमांशापर्यंत पोहोचला. महापालिकेची जोडणी आणि महावितरणचे नेट मीटर (घेतलेल्या विजेतून आपण दिलेली सौर वीज वजा करणारे मीटर) दोन्ही घ्यावेच लागणार, हे मी मालकांना लेखी कळवले. ते दोन दिवस बोलले नाहीत.

एक चूक मात्र निखळ माझी होती. जागेची सावली मी मे महिन्यात पाहिली आणि नैर्ऋत्येच्या अकरा मजली इमारतीकडे दुर्लक्ष केले. डिसेंबरात पुन्हा गेले तेव्हा पहारेकरी आपली गोधडी उचलून प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला वाळत घालत होता. “ताई, दिवाळीनंतर तीन वाजले की या कोपऱ्यात ऊन नाही,” तो सहज म्हणाला. माझ्या आराखड्यात गच्चीच्या नेमक्या त्याच कोपऱ्यात पॅनेल होते. शेवटी ईशान्येची टाकी उचलून नैर्ऋत्येला नेली आणि पॅनेल ईशान्येकडे सरकवले. मालकांचे वास्तुशास्त्राचे सल्लागार पहिल्यापासून टाकी नैर्ऋत्येलाच मागत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान मला निमूटपणे पाहावे लागले.

दहा हजार लिटर म्हणजे दहा टन वजन जागचे हलल्याने संरचना अभियंत्यांना दोन स्तंभ जाड करावे लागले आणि तळाशी एका मोटारीची जागा गेली. नव्या नकाशांवरच्या बैठकीत मालकांनी सौरऊर्जेबद्दल एकच प्रश्न विचारला. उरलेला पाऊण तास त्या मोटारीवर गेला.