धाकट्या दोघांचं वर्ष एकच

निर्वासितांच्या पुनर्वसनाच्या, म्हणजे आसरा घेतलेल्या देशातून त्यांना तिसऱ्या देशात वसवण्याच्या, मुलाखतींना मी दुभाषी म्हणून बसते. त्या दिवशीची फाइल एका बाईची आणि तिच्या चार मुलांची. पाचही जणांची जन्मतारीख १ जानेवारी. निर्वासितांच्या कागदांवर ही तारीख सारखी दिसते. जन्माचा दाखला नसला की अंदाजाने वर्ष लिहितात आणि पुढे १ जानेवारी टाकतात.

धाकट्या दोघांचं वर्षही एकच होतं. अधिकाऱ्यांनी विचारलं, "जुळी का?"

"नाही. मुलगा पेरणीतला, मुलगी कापणीतली."

मला घाम फुटला. इथे एक गोष्ट जुळली नाही की आधीच्या सगळ्या जबाबांवर शंका येते. आणि प्रकरण तर खरं होतं. राजकीय मतांपायी नवरा मारला गेला, मुलांना घेऊन ती सीमेपलीकडे आली. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपायी छळ होईल अशी रास्त भीती ज्याला आहे आणि जो देशाबाहेर आहे, तो निर्वासित, असं १९५१चा करार सांगतो. पण निर्वासित ठरलं म्हणजे तिसऱ्या देशात जायला मिळतंच असं नाही. संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था नाव सुचवते, घ्यायचं की नाही ते तो देश ठरवतो. मग सुरक्षेची चौकशी, वैद्यकीय तपासणी. वर्षाला शंभरातल्या एकालाही ही संधी मिळत नाही. 'चांगला देश बघून निघतात' असं कुणी म्हटलं की जीव जळतो. आपली फाइल कुठे जाणार, हे त्या बाईला तोवर माहीतही नव्हतं.

ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "बहिणीची आहे. बहीण वाटेत गेली."

तिच्या भाषेत बहिणीच्या मुलीला मुलगीच म्हणतात, वेगळा शब्दच नाही. नोंदणीत तेच उतरलं होतं. दुभाष्याने स्वतःचं मत द्यायचं नसतं, पण शब्दाचा अर्थ उलगडता येतो. तो मी उलगडला. माय मरो, मावशी जगो म्हणणाऱ्या भाषेतून आलेल्या मला तो समजायला वेळ लागला नव्हता.

अधिकाऱ्यांनी 'मुलगी' खोडून 'भाची' लिहिलं. आईवडील नसलेली मुलगी, म्हणून तिच्या हिताची वेगळी पडताळणी होणार, तोवर फाइल थांबणार.

"पण नावं एकत्रच राहतील ना?"

"प्रयत्न तोच असतो."

मग ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तिला अजून सांगितलेलं नाही."

मुलं बाहेर बाकावर बसली होती. खोलीत बोललेलं काहीही गाळायचं नाही, हा आमचा नियम. मी तेही सांगितलं. अधिकारी उठले आणि अर्धवट उघडं राहिलेलं दार त्यांनी लावून घेतलं.