काळ्या रानातून सड्यावर

माझी कपड्यांची एक पिशवी सोडली तर डिकीतला सगळा पसारा मित्राचा होता. खुरपं, मोजपट्टी, पाण्याचे दोन कॅन, झिपच्या पिशव्या आणि सहा लिंबं. त्याचं आयुष्य मातीपरीक्षणात गेलं, त्यामुळे या सामानाचं त्याला काही वाटत नाही. हॉटेलातल्या पोऱ्याला मात्र वाटलं. "पूजा हाय का साहेब?" म्हणून त्यानं विचारलंच.

मंगळवेढ्याहून रत्नागिरीला जायचं, हमरस्त्यानं सुमारे तीनशे किलोमीटर, आणि वाटेत माती बघायची, एवढाच बेत. निमित्त आमच्या एका वादाचं. काळी माती आणि कोकणातली तांबडी जांभी माती यांच्या खाली दगडच वेगळे असणार, असं मी शाळेपासून धरून चाललो होतो. भूगोलाच्या पुस्तकात दोघींचे रकाने वेगळे असायचे ना! मित्र म्हणाला, "दगड एकच. बाकी सगळी पावसाची करणी." मग म्हटलं, दाखवच.

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. मंगळवेढ्याच्या शिवारात मालदांडी ज्वारी हुरड्यात आली होती. नजर पोचेल तिथपर्यंत कणसं, आणि मधे झाड म्हणावं तर एखादी बाभळ. रानाच्या मालकांना आम्ही मामा म्हणत होतो. किती पाणी दिलंत, असं विचारल्यावर मामा हसले. "पाणी कुठलं? पेरल्यापास्नं थेंब न्हाई. रान पिऊन बसलंय, तेच पाजतंय."

हे ऐकायला छान वाटतं, पण खरं कसं ते रानात उतरल्यावर कळलं. ज्वारीच्या दोन ओळींमधे जमीन तडकली होती. मित्रानं मोजपट्टीचं टोक एका भेगेत सोडलं. वर तीनेक बोटं रुंद असलेली ती भेग अडुसष्ट सेंटिमीटरवर आडवी वळली, म्हणून पट्टी थांबली. आत हात घातला तर वरची माती वाळून खडखडीत आणि कोपराइतक्या खोलीवर गार, ओलसर. मामांच्या मते या भेगा म्हणजे पिकाचे चोर. त्यातून ओल उडते आणि मुळं तुटतात. म्हणून ज्वारीत कोळपं फिरवायचं ते फक्त तणासाठी नाही, भेगा बुजवण्यासाठीसुद्धा.

बांधावर बसून मित्रानं मूठभर माती भिजवली, कणकेसारखी मळली आणि अंगठा नि तर्जनीमधे दाबत तिची पट्टी काढू लागला. सहा-सात सेंटिमीटर लोंबली तरी तुटेना. शाडूसारखी मऊ, पण सुटेचना. हात धुवायला मला तिथं जवळजवळ एक तांब्या पाणी लागलं. कारण या मातीत निम्म्याच्या आसपास अगदी बारीक चिकण कण असतात आणि ते बहुतेक स्मेक्टाइट नावाच्या खनिजाचे. वहीच्या पानांसारखे थर असतात त्याचे. पाणी मिळालं की पानांच्या मधे शिरतं आणि वही फुगते, वाळली की आक्रसते. पावसाळ्यात भेगा मिटतात आणि मग याच रानात पाणी मुरता मुरत नाही. वापसा यायला, म्हणजे कामाजोगी ओल राहण्याइतपत सुकायला, आठवडा घालवतं. उन्हाळ्यात वरची भुरभुरी माती भेगांतून खाली पडते, पुढच्या पावसात फुगते आणि खालची माती वर रेटते. वर्षानुवर्षं हे रान स्वतःच स्वतःला उकरत असतं. एक मीटर खोल काळी माती पिकाला घेता येईल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते. सोलापूर जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरात. म्हणजे या मातीनं आकाशाच्या तुटपुंज्या पगारातून शिल्लक टाकायची सवय लावून घेतली आहे.

मला वाटायचं, काळी म्हणजे सेंद्रिय खतानं भरलेली. तसंही नाही. हिच्यातला सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्याही आत असतो, तो चिकण कणांना घट्ट बिलगून बसतो आणि रंग मात्र मणभर देतो. बांधाच्या कडेला पांढुरके खडे पडले होते. मित्रानं त्यांवर लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे आले. चुनखडी. पाऊस कमी म्हणून चुना वाहून गेला नाही, तिथंच खाली साचून खडे झाले. लिंबांचा उलगडा असा झाला.

परतताना माझी फजिती झाली. शेजारच्या उसाचं पाणी वाटेवर आलं होतं. दहा पावलं गेलो असेन, बुटांना खाली दुसरे बूट तयार झाले. अकराव्या पावलाला डावा पाय वर आला आणि बूट तिथंच राहिला. मामा काठीनं तो काढून देत म्हणाले, "काळीत अनवाणी चालायचं असतं वो."

सांगोल्यापासून पुढे रस्त्याकडेला बघत राहिलं तर एक गोष्ट सारखी दिसते. ओढ्याच्या कडेला भारी काळी, थोडं चढलं की मध्यम, आणि माळाच्या डोक्यावर नुसता मुरूम. कवठेमहांकाळच्या बाजूला त्या मुरमाड हलक्या जमिनीत द्राक्षबागा उभ्या आहेत. दगड तोच आणि पाऊसही तोच, पण उतारावरची माती टिकत नाही, खाली जाऊन जमा होते. अर्ध्या किलोमीटरच्या चढउतारात मातीचे तीन वाण. मिरज, सांगली, कोल्हापूर हा सगळा पट्टा उसाचा. तिथं आम्ही फक्त जेवलो, त्याबद्दल मातीशास्त्रीय काही सांगण्यासारखं नाही.

मलकापूर सोडल्यावर हवा बदलली. आंबा घाटाच्या अलीकडे रस्त्याकडेची दरड तांबूस व्हायला लागली होती. याच शाहूवाडी तालुक्याच्या डोंगरमाथ्यांवर बॉक्साइट सापडतं. ते जांभ्याचंच, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडाचंच भावंड, लोखंडापेक्षा ॲल्युमिनियम जास्त असलेलं. घाट उतरताना एका वळणावर गाडी लावायला जागा मिळाली आणि या प्रवासातला खरा पुरावा तिथं सापडला. रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत काळ्या दगडाचे गोळे होते, फुटबॉलएवढे, आणि प्रत्येकाभोवती कांद्यासारखे पापुद्रे. मित्रानं खुरप्याच्या टोकानं एकेक पापुद्रा काढला. बाहेरचा पिवळट तांबूस, बोटानं चुरडला जाणारा. त्याच्या आतला करडा. अगदी मधे खणखणीत काळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्ह्याचा. हाच दगड मंगळवेढ्याच्या मातीखाली आहे आणि रत्नागिरीच्या सड्याखालीही, म्हणजे जांभ्याच्या सपाट कातळमाथ्याखालीही. हातात गाभा आणि साल दोन्ही धरल्यावर वाद घालायला मला जागा राहिली नाही.

पण घाटात जांभा का नाही? उतारामुळे. इथं दगड कुजतो आणि कुजलेलं लगेच पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून वाहून जातं. जांभा व्हायला सपाटी लागते, जिथं पाणी पळून न जाता खाली मुरत राहील. शिवाय लागतो काळ, तोही अमाप.

ती सपाटी दुसऱ्या दिवशी पाहिली. रत्नागिरीजवळचा सडा. जानेवारीत तिथं पिवळं गवत, काळपट लाल कातळ आणि ऊन, बस्स. पावसाळ्यात याच कातळावरच्या पाणथळीत कीटक खाणाऱ्या वनस्पती उगवतात, कारण मुळांना इथं नत्र मिळत नाही. कातळाच्या कडेला हाताला लागली तेवढी माती घेऊन मित्रानं तसाच गोळा मळला. पट्टी दोन सेंटिमीटरवर तुटली. हाताला खरखरीत, आणि एका चुळीएवढ्या पाण्यात हात साफ, फक्त नखांत लाली. लिंबू पिळलं, काही नाही. पावसानं चुना कधीच धुऊन नेला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जेमतेम चार महिन्यांत, मग आठ महिने कोरडे. आधी चुना गेला, मग दगडाचा कणा असलेली सिलिकासुद्धा विरघळून गेली. मागे राहिलं ते न विरघळणारं लोखंड आणि ॲल्युमिनियम, आणि न फुगणारी केओलिनाइट चिकणमाती. लाल रंग म्हणजे सरळ सरळ गंज.

जांभ्याचे चिरे, म्हणजे बांधकामाचे चौकोनी दगड, कापतात त्या चिरेखाणीवर एका काकांनी आम्हाला आत नेलं. यंत्रानं कापलेल्या ताज्या चिऱ्यावर मी नख ओढलं तर ओरखडा उठला. शेजारी गेल्या वर्षीचा, पावसाउन्हात पडलेला चिरा होता. त्यावर नख ओढलं तर नखच झिजलं. हवेशी गाठ पडली की त्यातलं लोखंड घट्ट होत जातं. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश सर्वेक्षकानं १८०० मध्ये मलबारात अंगडीपुरमला लोक हा दगड कापून विटेसारखा वापरताना पाहिला आणि लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून १८०७ मध्ये त्याला लॅटेराइट नाव दिलं. काकांना हे सांगितलं. "म्हणजे त्याच्या आधी आमच्या घरांना काय म्हणत होते?" असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

खाणीच्या तळाशी जांभा संपून एक वेगळा थर लागला होता. पांढरा, मधेच जांभळट, साबणासारखा गुळगुळीत. त्याच्या वरच्या रेषेवर ओल होती. जांभ्याच्या अंगात किड्यांनी पोखरल्यासारख्या नळ्या असतात. पाऊस त्यांतून सरळ खाली उतरतो, या चिकण थरावर अडतो आणि आडवा जाऊन सड्याच्या कुशीत झरा होऊन निघतो. वाड्या आणि विहिरी म्हणून सड्यावर नाहीत, खाली कुशीला आहेत. दिवाळीनंतर झरे बारीक होतात आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो. पाचशे मिलिमीटरवाल्या मामांचं रान जानेवारीत ज्वारीला पाणी पाजतंय आणि तीन हजारवाल्या काकांना उन्हाळ्यात हंडे मोजावे लागतात! हापूसला मात्र हेच मानवतं, त्याला पाय ओले ठेवून चालत नाही. कातळात सुरुंग लावून खड्डा करायचा, बाहेरची माती आणून भरायची आणि त्यात कलम लावायचं. मोहोर आलेली अशी कलमं आम्ही पाहिली. उघड्या दगडात उगवल्यासारखी दिसत होती.

उक्षी गावातलं, सड्याच्या कातळावर कोरलेलं हत्तीचं कातळशिल्प बघून परतलो. गाडीच्या चाकांच्या आतल्या बाजूला काळे पोपडे होते आणि वर सगळीकडे लाल धूळ. धुणारा पोऱ्या वैतागला.

घरी आल्यावर मी दोन स्टीलच्या वाट्यांत दोन्ही माती भिजवून, काठापर्यंत दाबून खिडकीत ठेवल्या. पाचव्या दिवशी काळी वाटीच्या कडेपासून सुटून बोटभर आत सरकली होती, मधून तीन तुकडे. लाल होती तशीच काठाला टेकून बसली होती. मधे मी घाटातला तो गोळ्याचा गाभा ठेवला आहे. घरातले विचारतात, वाट्या परत कधी मिळणार.